शेवंताचा नंबर

हरिबा तोडकरने काचेचा फोन देऊन बटणांचा फोन घेतला, त्या दुपारी त्याच्या वाडीत बाराच दारं उरली.

तीन-तीन दारांच्या चार ओळी होत्या. मधून उभे-आडवे रस्ते, बैलगाडी सहज फिरेल एवढे रुंद. सकाळी तो तालुक्याला निघाला तेव्हा वाडीत छत्तीस उंबरे होते, मारुतीच्या पारापासून ओढ्यापर्यंत वेडेवाकडे पसरलेले. आता पार नव्हता, ओढाही नव्हता. वरच्या अंगाला डावीकडं एक हिरवं फाटक होतं, उजवीकडं एक तांबडं, आणि दोन्हींच्या मधोमध ग्रामपंचायतीचा काळा फळा उभा होता. फळ्यावर खडूनं वेळ लिहिलेली होती. दोन वाजून दहा मिनिटं. हरिबा बघत असताना दहाची अकरा झाली. खडू कुणाच्या हातात नव्हता.

ज्या वडापच्या जीपनं त्याला आणून सोडलं होतं ती वळली आणि परत निघाली. तिच्या मागोमाग रस्ताही चटईसारखा गुंडाळत गेला.

हरिबा हातातली पिशवी सांभाळत उभा राहिला. पिशवीत शेवंतानं सांगितलेली कात-सुपारी होती आणि खिशात नवा फोन.

फोन बदलायचं कारण साधं होतं. हरिबा वाडीला पाणी सोडायचा. तेवीस वर्षं टाकीचा व्हॉल्व्ह फिरवून त्याच्या बोटांवरच्या रेषा गेल्या होत्या. रेशनच्या दुकानात त्याचा अंगठा उठायचा नाही आणि फोनच्या काचेला त्याचं बोट कळायचं नाही. पाणी सोडलं की घरटी एक मिस कॉल द्यायचा, अशी वाडीची रीत होती. एकदा वाजवायचं आणि तोडायचं. उचलणारा येडा. पण काच चोळून चोळून एका घराला मिस कॉल जाईपर्यंत खालच्या आळीचं पाणी संपलेलं असायचं. तेव्हा एक दिवस जनाक्का भर नळावर म्हणाली होती, "हरिबा, त्या आरशात तोंड बघायचं सोड आनि बटनांचा डबा घे."

म्हणून तो गेला. दुकान वैजयंताचं होतं. नवऱ्यामागं तिनंच चालवलेलं, डोळ्याला भिंग लावून बसायची. तिनं जुना फोन ठेवून घेतला, सिम काढलं, नव्यात घातलं.

"तात्या, नंबर सगळे आलेत बघा. पस्तीस. छत्तिसावा आपल्या दुकानाचा घालून ठेवलाय, कायबी बिघडलं तर असूद्या. बरं, फोटो-बिटो काय ठेवायचंय का आधीच्यातलं? या डबड्यात त्ये मावायचं न्हाई, दुसरीकडं कुठंतरी काढून द्यावं लागंल."

"मला काय करायचंत फोटो?" हरिबा म्हणाला होता. "मला पाणी सोडायचंय. काय ठेवायचं न्हाई. पुसून टाक."

आणि आता तो वाडीत उभा होता आणि त्याला आपलं घर दिसत नव्हतं.

दारांवर गेरूनं आकडे काढलेले होते. अक्षरं हरिबा पन्नाशीत शिकला, पण आकडे त्याच्या आधीपासून ओळखीचे. वरच्या ओळीत एक, दोन, तीन. मग चार, पाच, सहा. मग सात, आठ, नऊ. शेवटच्या ओळीत मधल्या दारावर शून्य, त्याच्या डाव्या दारावर चांदणी, उजव्या दारावर जाळीची खूण. त्यानं ओळीनं सगळी दारं बघितली. निळ्या रंगाचं, खालच्या फळीला पत्रा मारलेलं त्याचं दार त्यांत नव्हतं. तो परत पहिल्यापासून मोजू लागला.

मोजता मोजता उजेड गेला.

दिवस मावळला असं नाही. ऊन डोक्यावर होतं तिथंच होतं, टाळूला चटका लागत होता. फक्त उजेड गेला.

"हरिबा!" पाचाच्या दारामागून बापू शिंप्याचा आवाज आला. "अरं उभा काय ऱ्हायलास? काय तरी वाजीव. हितं सुईत दोरा जाईना."

हरिबानं चाचपडत हात पुढं केला आणि पहिलं लागलं त्या दारावर थाप मारली. उजेड आला. कुठून आला ते कळलं नाही, पण सगळीकडं एकदम आला, किंचित निळसर.

"पंधरा मोजेपर्यंत ऱ्हातोय," बापू आतूनच म्हणाला. "मी दोनदा मोजून बघितलंय. पंधरा झालं की जातोय. तू हालता ऱ्हा बाबा."

हरिबा हलता राहिला. चालत चालत तो पाचाच्या दाराशी आला आणि त्यानं एक थाप मारली. दार उघडून जनाक्का बाहेर आली. तिच्या हातात लाटणं होतं. तिच्या मागं आत एकाच खोलीत तीन चुली पेटलेल्या होत्या, तीन कुटुंबं आपापल्या ताटावर बसली होती आणि कुणाचं कुणाला अडत नव्हतं.

"का रं? पानी सुटलं?"

"न्हाई. आक्का, माझं घर कुठं गेलं?"

"तुझं?" जनाक्कानं त्याच्या खिशाकडं बघितलं. "फोन तुझ्या खिशात. मग तू भाईरच असनार की. आमी आत, तू भाईर."

"आनि शेवंता?"

जनाक्का मान वळवून आत ओरडली, "गं बायांनो, शेवंता आलीय का कुनाच्यात?" आतून दोन-तीन आवाज आले. नाही म्हणाले. शेजारच्या दारांनी ते पुढं विचारलं आणि बाराही दारांतून नाही असं फिरून आलं.

"न्हाई रं. आमी सगळी मिस कॉलची मानसं. ज्याला ज्याला तू पान्याचा कॉल देतूस ती आली. शेवंताला कवा दिलास?"

"तिला कशाला देऊ? ती घरातच असायची."

"तिचा नंबर?"

"तिच्याकडं फोन कुठाय?"

"बेचाळीस वर्सं संसार केलास आनि बायकूचा नंबर न्हाई," जनाक्का म्हणाली. "वाडीला मिस कॉल दिलंस, बायकूलाच मिस केलंस. आता बस." तिनं लाटणं कमरेला लावलं. "बसू नगंस पर. पंधरा व्हत आलं."

तिनं दार लावलं. हरिबानं पुढच्या दारावर थाप मारली आणि उजेड टिकवला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की रस्ता अरुंद झालाय. बैलगाडी आता फिरली नसती. त्यानं मुद्दाम दोन दारांच्या मधे हात पसरले, मग एक थाप मारली आणि परत पसरले. दारं चार बोटं जवळ आली होती. थाप मारली की उजेड यायचा आणि दारं आत सरकायची. न मारली की अंधार. दोन्हींतलं एक निवडायचं होतं, आणि पंधरा आकडे मोजून होईपर्यंत निवडायचं होतं.

त्याला वैजयंता आठवली. ती आली असणार. छत्तीस उंबऱ्यांतला एक त्याचा स्वतःचा, तो नव्हता, म्हणजे त्या जागी दुकान असणार. शेवटचा नंबर, म्हणून शेवटचं दार; आणि एका दारामागं तीन घरं, म्हणून तिसरी थाप.

जाळीच्या खुणेच्या दाराशी जाऊन त्यानं थापा मारल्या. एक, दोन, तीन. पण घाईत तीनावर थांबायचा हात चारावर गेला. दार उघडलं. सदू गवंडी बाहेर आला.

"पानी सुटलं?"

"न्हाई. तुझं काम न्हाई. जा आत."

"मग वाजवलंस का?"

"तीन मारायच्या होत्या. चार झाल्या. चार झालं की फिरून पहिला येतोय वाटतं."

"हात धरून मारावं मानसानं," सदू म्हणाला आणि आत गेला.

हरिबानं डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं. एक. दोन. तीन. मग लगेच हात मागं घेतला आणि छातीशी दाबून धरला. दार उघडलं. वैजयंता डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवून बाहेर आली. तिच्या मागं दुकानाची काचेची पेटी सदू गवंड्याच्या चुलीला लागून मांडलेली होती.

"तात्या, बॅटरी आठ दिस जातीया बघा. काय बिघडलं का?"

"जुना फोन कुठाय?"

"पुसला की. तुम्ही सांगितलं तसा. पुसला आनि गेलाबी तो, एक गिऱ्हाईक आलं होतं. त्यात काय होतं?"

"शेवंता होती."

"फोटो?"

"ती होती. घर होतं. नांदती बाई होती."

वैजयंतानं थोडा विचार केला. "मी इचारलं होतं तुम्हाला. काय ठेवायचंय का म्हनून."

"इचारलं होतंस."

"तुम्ही म्हनालात, काय न्हाई."

"म्हनालो होतो."

पाचाच्या दारातून बापूचं मोजणं ऐकू येत होतं. सात. आठ. वैजयंतानं स्वतःच हात लांब करून शेजारच्या दारावर टकटक केलं आणि दारं आत सरकली. ती सरकलेली तिलाही कळली. ती घाईनं बोलू लागली.

"ऐका. नाव घालायला जागा हाय. शेवंताकाकी लिहिलं की झालं. पर नुसतं नाव घेत न्हाई ते, नंबर मागतंय. काकींचा नंबर काय?"

"तिला नंबर न्हाई म्हनून तर."

"मग कुनाला काकींशी बोलायचं असंल तर? म्हायेरचं कुनी?"

"माझ्यावर करत्यात."

"आनि काकींना कुनाला करायचा असंल तर?"

"माझ्यावरनं करती. कवातरी. दिवाळीला."

"मग झालं की. तुमचा नंबर त्योच त्यांचा नंबर. लावा."

"माझा मीच?"

"दुसरा कुठला हाय?"

हरिबाला एक जुनी गोष्ट आठवली. पाच-सहा वर्षांमागं शेवंता भाकरी थापता थापता म्हणाली होती, मला बी एक असता तर. आणि तो म्हणाला होता, तुला कुणाला करायचाय? मी हाय की घरात.

"दहा थापा पडतील," वैजयंता रस्त्याची रुंदी बघत म्हणाली. "चाळीस बोटं. मग हिरवं फाटक. चुकला आकडा तर तांबड्याला हात लावा, सगळं पुसंल. पर पहिल्यापासनं मारायला लागंल. चुकू नका."

हरिबाला आपला नंबर पाठ होता. दुसऱ्या कुणाचा नव्हता, पण आपला होता. टाकीच्या भिंतीवर त्यानं तो स्वतःच्या हातानं रंगवला होता. तो नऊच्या दाराशी गेला आणि थाप मारून पुढं निघाला. मग पाच. मग दोन. मग परत पाच.

"येवढं वाजवून निघून जातोस?" पाचाच्या दारातून जनाक्का ओरडली. "कुत्र्यावानी फिरायलायस."

"आक्का, दार उघडू नगा. नंबर लावतोय."

"कुनाला?"

"शेवंताला."

जनाक्कानं दारं धरून ठेवायला बायकांना सांगितलेलं त्याला ऐकू आलं, आणि बाराही दारं आतून दाबून धरल्याचा आवाज झाला. त्यानंतर तो जिथं जिथं थाप मारी तिथं आत श्वास रोखलेला असे. फळ्यावर त्याचे आकडे एकामागं एक उमटत होते. दहावा आकडा झाला तेव्हा तो दोन घागरी घेऊन चालणाऱ्या बाईला जेवढी वाट लागते तेवढ्या वाटेतून हिरव्या फाटकाशी आला.

फाटक लाकडी होतं, जाड फळ्यांचं. त्याला कडी होती. त्यानं ती धरून आपल्याकडं ओढली.

फळ्याशेजारच्या खांबावरच्या कर्ण्यातून एक बाई बोलू लागली. आपण ज्या क्रमांकाशी संपर्क साधू इच्छिता, तो क्रमांक सध्या व्यस्त आहे. आवाज इतका मोठा होता की फाटकाच्या फळ्या थरथरल्या. फाटक हललं नाही.

कुणीतरी पलीकडून ओढत होतं.

हरिबा खाली वाकला. फाटक जमिनीपासून वीतभर वर होतं. पलीकडं दोन पाय दिसले. ओले होते, आताच पाणी भरून आल्यासारखे. डाव्या पायातलं जोडवं झिजून तारेसारखं झालेलं. ते जोडवं त्यानं बेचाळीस वर्षांत बसून, वाकून असं कधी बघितलं नव्हतं, तरी ओळखलं. टाचा रोवलेल्या होत्या आणि बोटं आकसलेली. ती जीव खाऊन ओढत होती.

"शेवंते!" तो ओरडला. "शेवंते, सोड! मी ओढतो!"

व्यस्त आहे, कर्णा म्हणाला. कृपया थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा.

फळा कोरा झाला. फाटकाखालचे पाय गेले. तिथं दोन ओल्या खुणा राहिल्या आणि त्याही वाळल्या.

"काय झालं?" बापूनं विचारलं.

"तीच हाय. तीबी लावतीया."

"कुठं?"

"माझ्यावर. तिला दुसरा नंबर कुठं ठावं हाय?"

बाराही दारांत कुजबुज झाली. मग वैजयंताचा आवाज आला. "दोघांनी लावला तर कुनालाच लागत न्हाई, तात्या. एकानं थांबायला पायजे."

"मी थांबतो," हरिबा म्हणाला. "तिला लावू द्या."

तो कडी सोडून फाटकापुढं उभा राहिला. बापू मोजू लागला. फाटकाखाली पाय दिसतात का हे बघण्यासाठी हरिबा गुडघ्यावर बसला. आठ. नऊ. पलीकडं नुसती माती होती. बारा. तेरा. "बाबा, अंधार येतोय," कुणीतरी लहान आवाजात म्हणालं. चौदाला हरिबानं मागं हात टाकून एक नंबरच्या दारावर थाप मारली. बापू परत पहिल्यापासून मोजू लागला. परत चौदापर्यंत कुणी आलं नाही. परत थाप. अशी तीनदा थाप मारली तेव्हा मागची दारं त्याच्या तळपायांना लागली.

"थांबलीया ती," तो म्हणाला. "मी थांबलो म्हनून तीबी थांबलीया."

"तिला कसं कळलं तू थांबलास?" बापूनं विचारलं.

"तिला कळतंय."

हे खरं होतं. लग्न झाल्यापासून शेवंता त्याच्या मागून चालायची, एक पाऊल सोडून. बाजाराला, देवाला, दवाखान्याला. तो थांबला की ती थांबायची. तो निघाला की निघायची. त्यानं कधी मागं वळून बघितलं नाही, कारण बघायची गरजच नव्हती. पहिल्या वर्षी ती एकदा पुढं गेली होती, जत्रेत, रंगीत भिंगऱ्या बघायला. तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, वाट तुला ठावी हाय का मला? त्यानंतर ती कधी पुढं गेली नाही.

"परत लाव," जनाक्का म्हणाली. "तिला कायतरी इशारा कर. येडी हाय का ती? इशारा केला की कळंल."

हरिबानं परत नंबर लावला. या खेपेला त्याला आडवं होऊन चालावं लागलं. छाती एका दाराला आणि पाठ दुसऱ्या दाराला घासत होती. पिशवी मधेच अडकली, ती त्यानं तिथंच सोडली. नऊ. पाच. दोन. पाच. आत कुणीतरी खोकलं आणि कुणीतरी त्याचं तोंड दाबलं. सातव्या आकड्याला त्याचा हात घाईनं दोनदा पडणार होता, तो त्यानं चौकटीवर आपटून अडवला. मनगटातून रक्त आलं. दहावा आकडा मारून तो फाटकाशी सरपटत आला आणि कडीला हात लावायच्या आधी खाली वाकला.

पाय होते. ओले. टाचा रोवलेल्या.

त्यानं कडी धरली. व्यस्त आहे, कर्णा ओरडू लागला. हरिबानं कडी धरल्या धरल्या आपला उजवा पाय फाटकाखालून पुढं सरकवला, तिला दिसेल असा. मग तो पाय मागं घेतला, एक पाऊल मागं टाकलं आणि कडी सोडली. मी मागं झालो, तू ओढ, असं त्याला म्हणायचं होतं. पाय याहून सरळ बोलू शकत नाही.

शेवंताच्या पायांनी त्याचा पाय बघितला. आकसलेली बोटं सुटली. मग तिनंही एक पाऊल मागं टाकलं.

"न्हाई गं," हरिबा म्हणाला. "न्हाई. तू न्हाई."

त्यानं घाईनं पाऊल पुढं टाकलं. तिनं पुढं टाकलं. त्यानं कडी धरली. फाटक तिकडून ताणलं गेलं. त्यानं सोडली. फाटक सैल पडलं. त्यानं डोकं जमिनीला टेकवून फाटकाखालून तोंड घातलं आणि ओरडला, पण कर्ण्यातली बाई बोलतच होती आणि तिचा आवाज फाटकाच्या दोन्ही अंगांना सारखाच मोठा होता. त्यानं बघितलं तेव्हा पलीकडं शेवंताचा पदरही जमिनीला टेकलेला होता. तीही वाकली होती. तीही काही ओरडत असणार.

कृपया थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा.

फळा कोरा झाला.

"जागा किती ऱ्हायलीया?" वैजयंतानं विचारलं. तिचा आवाज आता अगदी कानाशी येत होता.

हरिबानं बघितलं. रस्ते उरले नव्हते. बाराही दारं त्याच्याभोवती उभी होती, एकमेकांना चिकटलेली, मधे एका माणसापुरती जागा. कुठंही चालत जायची गरज नव्हती. हात लांब केला की नऊ, दुसरा केला की पाच, कोपर मागं नेलं की शून्य. फाटक नाकापुढं होतं. सबंध वाडी त्याच्या हातात मावत होती.

"एकदा लागंल," तो म्हणाला. "दहा थापा बसतील. अकरावी बसायची न्हाई."

"मग लावूच नगं," बापू म्हणाला. "असाच ऱ्हा. मधनंमधनं एकादी मारीत जा. हळूहळू. काढू की दिवस."

"एकेक करून बी दहाच व्हनार, बापू," जनाक्का म्हणाली. "तुझी सुई दिसावी म्हनून त्यानं बायकू घालवायची व्हय रं?" मग ती हरिबाला म्हणाली, आणि बोलताना ती पहिल्यांदाच दबक्या आवाजात बोलली, "लाव बाबा. पर या टायमाला तू काय करू नगंस. ओढू नगंस, सोडू नगंस. इशारा करू नगंस. नुसता ऱ्हा. तिचं तिला ठरवू दे."

"आनि तिनं ठरवलं न्हाई तर?"

दाराच्या फटीतून जनाक्काचा श्वास त्याच्या मानेवर येत होता, पिठाच्या वासाचा.

हरिबानं नंबर लावला. नऊ. पाच. दोन. पाच. दर थापेला दारं आत येत होती आणि त्याला हात आखडता घ्यावा लागत होता. आठव्या आकड्याला त्याला तळहात उघडता येईना, त्यानं बोटाच्या पेरानं टकटक केलं. नववा त्यानं कोपरानं मारला. दहावा त्यानं कपाळ टेकवून मारला, कारण ते दार आता तिथंच होतं. फळ्यावर दहाही आकडे बरोबर उमटले.

कर्ण्यातून आवाज आला नाही.

हरिबा फाटकापुढं उभा होता आणि त्यानं कडीला हात लावला नव्हता. त्याला वाकता येत नव्हतं, पण मान खाली घालता येत होती. फाटकाखाली दोन ओले पाय येऊन उभे राहिले. टाचा रोवलेल्या नव्हत्या. पाय नुसते उभे होते, त्याच्यासारखेच. पलीकडं कडीलाही कुणाचा हात नव्हता. ती दोन्ही अंगांनी सरळ लोंबत होती.

"एक," बापू म्हणाला. "दोन."

वाडीतलं कुणी हललं नाही. दारादारांमागच्या चुली शांत जळत होत्या, त्यांचा जाळ फटींतून हरिबाच्या धोतरावर पडला होता.

"सहा."

शेवंते, हरिबा मनात म्हणाला, वाट तुला ठावी हाय. मग त्याला वाटलं की हेही सांगणंच झालं, आणि मनातलंही त्यानं बंद केलं. तो फाटकाच्या फळीवरची गाठ बघत राहिला. गाठीपलीकडं कुणीतरी तीच गाठ बघत असल्यासारखी ती उबदार होती.

"अकरा."

उजेडाच्या कडा निळ्या होऊ लागल्या. मागून दारांचा दाब वाढला. आत छत्तीस घरांची माणसं एकमेकांना धरून उभी होती.

"बारा," बापूनं मोजलं. "हरिबा, तेरा."

हरिबानं खाली बघितलं. फाटकाखाली शेवंताचा उजवा पाय जमिनीपासून उचललेला होता. बोटांवरून पाणी ठिबकत होतं, आणि पाय पुढं पडणार की मागं, हे अजून ठरलेलं नव्हतं. त्याला आनंद झाला. मग त्याची नजर अलीकडं आली. त्याचा उजवा पायही उचललेला होता, तेवढाच, आणि आधी कुणी उचलला ते त्याला सांगता येत नव्हतं.

"चौदा," बापू म्हणाला.